युद्धनौका : एक राहून गेलेली दुरुस्ती

उत्तम,

तू जाऊन आज चौदा दिवस झाले. पाचव्या दिवशी सकाळी प्रज्ञाचा फोन आला होता. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर तिने लिहून पाठवला होता आणि छापायला देण्याआधी मी तो एकदा पाहावा, असं तिचं म्हणणं होतं. मजकूर नेटका होता. तुझी मुलगी शाळेत शिकवते, वाक्य कुठे थांबवायचं ते तिला कळतं. एका ठिकाणी मात्र तिने जागा कोरी ठेवली होती. 'नौदलाच्या', मग टिंबं, मग 'वर पंधरा वर्षे सेवा'.

"काका, इथं काय लिहू?" तिने विचारलं. "बाबा शिप म्हणायचे. आजी लढाईची बोट म्हणायची. पत्रिकेत दोन्ही बरं दिसत नाही. तुम्ही पेपरवाले काय लिहिता?"

दहा मिनिटांत सांगतो म्हणालो आणि दोन दिवस सांगितलं नाही. खामगावातला छपाईवाला तिला विचारत राहिला. एका शब्दासाठी छपाई अडवून ठेवणं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणाला करू दिलं नव्हतं.

शब्द मला ठाऊक होता. तो मी स्वतःच्या हाताने तुझ्या बातमीतून काढला होता, म्हणून तो परत लिहायला वेळ लागला.

युद्धनौका हा शब्द आपल्याकडे कोणी बोलत नाही. समुद्र इथून रेल्वेने आठ-नऊ तास लांब आहे आणि हा शब्द फक्त छापील कागदावरून येतो. युद्धनौका ताफ्यात दाखल. युद्धनौकेचे जलावतरण. युद्धनौकेवर आग. गावातला माणूस तो डोळ्यांनी वाचतो आणि तोंडाने बोट म्हणतो. तू स्वतः तो कधी उच्चारला नाहीस. पंधरा वर्षं ज्यावर राहिलास त्याला तू शिप म्हणायचास, घाईत असलास तर जहाज. नौका म्हटलं की तुला हसू यायचं. "नौका म्हन्जे क्यालेंडरवर असते ते. कमळावानी दिसनारी. आमच्या शिपले नौका म्हटलं असतं तं कॅप्टननं पान्यात फेकलं असतं."

तू आणि मी दहावीपर्यंत एका वर्गात होतो. नंतर तू जलंबहून गाडीत बसलास, काळी पत्र्याची पेटी घेऊन, आणि नौदलात इंजिनाच्या कामाला लागलास. मी खामगावात एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातम्या दुरुस्त करायला लागलो. तू सुट्टीवर यायचास तेव्हा मला संपादक म्हणायचास. मी उपसंपादक होतो. हे मी तुला दर वेळी सांगायचो आणि तू दर वेळी म्हणायचास, "हाव ना संपादक, आयकलं."

आमच्या डेस्कच्या भिंतीवर एक शब्दसूची लावलेली असायची. कोणत्या गोष्टीला कोणता शब्द वापरायचा आणि कोणता नाही, याची. बातमीदार घाईत काहीही लिहितात. दोन माणसं भांडली की दंगल, भिंत पडली की इमारत कोसळली. ती यादी म्हणजे त्यांना घातलेला लगाम होता. त्यातल्या बऱ्याच नोंदी मी लिहिल्या होत्या. एक अशी होती : 'युद्धनौका – लढण्यासाठी बांधलेली नौदलाची नौका. तेल वा माल नेणाऱ्या जहाजास हा शब्द वापरू नये.' राखाडी रंगाचं काहीही पाण्यावर दिसलं की आमचे लोक त्याला युद्धनौका म्हणत होते, म्हणून मी ती घातली. तेव्हा मी समुद्रही पाहिलेला नव्हता.

तू नोकरी संपवून परत आलास तेव्हा गावातल्या मंडळाने तुझा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात, शाल आणि नारळ. आमच्या बातमीदाराने लिहून आणलं की युद्धनौकेवर पंधरा वर्षे सेवा बजावून गावचा सुपुत्र परतला. बातमी माझ्यासमोर आली. मला माहीत होतं की तुझं जहाज इतर जहाजांना भर समुद्रात तेल पुरवायचं. मी युद्धनौका खोडलं. वर लिहिलं, तेलवाहू जहाज. 'गावचा सुपुत्र'ही खोडलं. पान तीन, खालच्या बाजूला, फोटोशिवाय बातमी गेली. मथळा होता : 'तेलवाहू जहाजावरून निवृत्त, गावात सत्कार'. मित्राची बातमी असूनही मी शब्द फुगवला नाही याचं मला त्या दिवशी समाधान होतं. हे लिहायला नको वाटतं, पण तसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू ऑफिसात आलास. हातात अंक होता.

"बातमी चुकीची नाई बे," तू म्हणालास. "तेल होतंच. पन तेवढं तेल काहाड त्याच्यातून. 'नौदलाच्या जहाजावर' असं टाक. युद्धनौका-फिद्धनौका नको लेहू, मी कुठी म्हनतो? फक्त नौदल टाक. लोकं हासून राह्यले."

मी तुला नियम सांगितला. दुरुस्ती छापतात ती चुकीची. जिथे चूक नाही तिथे दुरुस्ती छापता येत नाही.

तू ऐकून घेतलंस. मग भिंतीवरची यादी वाचायला लागलास, वरून खाली, बोट ठेवून. त्या नोंदीवर थांबलास.

"हे कोनं लेहलं?"

"मी."

"किती जहाजं पाह्यले तू?"

"एकही नाही."

तू मोठ्याने हसलास. तेव्हापासूनच तुझा आवाज मोठा होता. इंजिनाच्या खोलीत राहून डावा कान गेला होता आणि सगळं जग लांब उभं आहे असं समजून तू बोलायचास. आमच्या ऑफिसातली सगळी डोकी वर झाली. आपण खाली टपरीवर चहा प्यालो. तू परत तो विषय काढला नाहीस. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेच्या भिंतीवर बोर्ड रंगवायचं ठरलं. 'आमच्या गावाचे सैनिक'. भरतीच्या वर्षाप्रमाणे नावं. तुझ्या आधी गावातून एकच माणूस फौजेत गेला होता, म्हणजे तुझं नाव दुसरं यायला हवं होतं. बोर्ड रंगला तेव्हा त्यावर सात नावं होती आणि तुझं नव्हतं. शाळा समितीच्या अध्यक्षांना तुझ्या मायने विचारलं. त्यांनी खिशातून आमच्या अंकाचं कात्रण काढून दाखवलं. त्यांच्याजवळ ते जपून ठेवलेलं होतं. "हे पाहा, पेपरात छापून आलेलं हाये. तेलाच्या जहाजावर होता. सैनिक कसा म्हनावं? उद्या पेट्रोल पंपावाला येईन, माहं बी नाव टाका म्हनून."

तुझ्या मायला वाचता येत नव्हतं. ती ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली.

"बापा, हे तूच लेहलं ना?"

"हो."

"मंग तो लढाईच्या बोटीवर नोयता?"

मी तिला समजावून सांगितलं. लढणारी जहाजं वेगळी, त्यांना तेल देणारी वेगळी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हन्जे लढनाऱ्याले जेवू घालनारा. मंग घरचाच झाला ना थो." आणि निघून गेली. माझ्याजवळ त्यासाठी नोंद नव्हती.

बोर्डावरच्या सातांपैकी एक जण फौजेत स्वयंपाकी होता. दुसरा गाडी चालवायचा. हे गावात सर्वांना माहीत होतं आणि तू त्यावरच विनोद करायचास. "सूर्यभाननं वीस वर्षं खिचडी शिजवली. त्याले कोनी नाई विचारलं, खिचडी कोनतं हत्यार व्हय म्हनून." सगळे हसायचे. मीही हसायचो. तुझं घर गावाच्या ज्या बाजूला होतं त्या बाजूचं एकही नाव त्या बोर्डावर नव्हतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हाही ते मला माहीत होतं. मी आकडे, नावं, वेळा तपासून बातम्या देणारा माणूस होतो, आणि हे तपासायला शाळेच्या भिंतीपर्यंत जाणं पुरेसं होतं.

माझी बातमी खरी होती. समितीच्या अध्यक्षांना कारण हवं होतं आणि मी त्यांना छापील, अचूक, वाद न घालता येण्यासारखं कारण दिलं. त्यांनी स्वतः शोधलं असतं तर याहून कच्चं सापडलं असतं.

मग टँकरवरून चिडवणं सुरू झालं. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर यायचा. बाया हंडे घेऊन पळायच्या आणि पारावरून कोणीतरी ओरडायचं, "उत्तम्या, तुही बोट आली बे!" तूही ओरडून उत्तर द्यायचास, "सलाम मार मंग, कॅप्टन बसला हाये समोर!" तू चिडत नव्हतास असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. वहिनींनी एकदा सांगितलं की त्या दिवसांत तू टँकरच्या वेळेला मळ्याकडे निघून जायचास.

मी तुला म्हटलं होतं, समितीकडे अर्ज कर, सेवेचं पुस्तक जोड. तू माझ्याकडे पाहिलंस. "मी अर्ज करू? कायचा? मी होतो याचा?" त्यानंतर मीही तो विषय काढला नाही. ते मला सोयीचंही होतं.

तू नंतर कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर लागलास. सकाळी कामाला जाण्याआधी अंक वाचायचास आणि पावणेआठला मला फोन करायचास. हे फोन तू मरेपर्यंत चालले, मी निवृत्त झाल्यावरसुद्धा. नमस्कार नाही, काही नाही.

"पान पाच पाह्य. गस्ती नौकेले युद्धनौका केलं."

"बघतो."

"अन् ते फोटोत टग हाये. टग. मोठ्या जहाजाले वढत नेते ते. त्याले बी युद्धनौका! मंग आमीच काय पाप केलं होतं बे संपादक?"

एवढाच तुझा टोला. वर्षातून एकदा-दोनदा. बाकी वेळ तू शिकवत राहिलास. विनाशिका म्हणजे काय, फ्रिगेट तिच्याहून लहान कशी, पाणबुडीवरच्या लोकांना अंघोळ किती दिवसांनी. "विनाशिका! कोनं ठेवलं बे हे नाव? माह्या मायनं आयकलं असतं तं मले जाऊच नसतं देल्लं." यादीतल्या निम्म्या नोंदी पुढे मी तुझ्या सांगण्यावरून सुधारल्या. ती एक सोडून.

तेल कसं देतात हे तू मला टपरीच्या टेबलावर दोन कपबशा समांतर सरकवून दाखवलंस. दोन जहाजं एकाच वेगाने शेजारी शेजारी चालतात, मध्ये आपल्या शाळेच्या पटांगणाएवढं अंतर. आधी एक बारीक दोरी पलीकडे जाते. तिला बांधून जाड दोर, मग पोलादी तार, मग तारेला लटकत नळी. कित्येक तास तसंच चालायचं. कोणी जरा वळलं तर नळी तुटते, जास्त वळलं तर जहाजावर जहाज. त्या वेळात दोघांनाही पळता येत नाही, लढता येत नाही. "त्या टायमाले आपल्याले बुडवनं सगळ्यात सोप्पं," तू म्हणालास आणि चहा बशीत ओतलास.

मी विचारलं, कसं दिसतं ते?

"मले काय म्हाईत? मी खाली होतो ना, पंपापाशी. वरून फोन आला का पंप चालू, फोन आला का बंद. पंधरा वर्षं जेवढ्या शिपले तेल देल्लं, त्यातल्या अर्ध्या मी पाह्यल्याच नाई."

हे वाक्य मी कधी छापलं नाही, पण त्याने माझं काम बदललं. तू एकदा जहाजावरच्या आगीची आमची बातमी वाचून फोनवर ओरडला होतास, "खाली कोन होतं ते लेहलंच नाई तुमी! आग लागली का खालचा मानूस आधी जाते." तेव्हापासून जिनिंगला आग लागो की विहिरीचं बांधकाम ढासळो, मी बातमीदाराला पहिला प्रश्न तोच विचारायचो. खाली कोण होतं? आमच्या आवृत्तीत अशा बातम्यांत मजुरांची नावं यायला लागली ती तुझ्यामुळे. लोक ते श्रेय मला देत होते. मी ते घेत होतो.

आता ती गोष्ट सांगतो जी तुला सांगितली नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी परदेशातली एक बातमी आली. एका जहाजावरून दोन देशांत वाद होता आणि ते जहाज युद्धनौका धरायचं की नाही, यावर सगळं अडलं होतं. मथळ्यात कोणता शब्द घ्यायचा म्हणून मी समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्याख्या शोधली. ती छोटी आहे. जहाज एखाद्या देशाच्या सशस्त्र दलाचं असावं. ते त्या देशाचं आहे हे ओळखता येईल अशी खूण त्याच्यावर बाहेरून असावी. त्याची सूत्रं सरकारने नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती असावीत. आणि त्यावरचे लोक लष्करी शिस्तीखाली असावेत. संपलं. तोफेचा उल्लेख नाही. ते लढण्यासाठी बांधलेलं असावं, असंही कुठे नाही. लढणारा वर आहे की खाली, हे तो कायदा विचारतच नाही.

मी चारही अटींपुढे पेन्सिलीने खूण केली. तुझं जहाज चारहीत बसत होतं.

नौदलात अशा जहाजांना सहायक म्हणतात, हेही खरं आहे. त्यामुळे तेलवाहू लिहिणं ही चूक नव्हती, असं मी अजूनही म्हणू शकतो. पण तुझ्या बातमीतून युद्धनौका खोडायला माझ्याकडे आधार नव्हता. मी स्वतः लिहिलेली नोंद हाच माझा आधार होता. त्या संध्याकाळी मी त्या नोंदीतलं दुसरं वाक्य, तेल वा माल नेणाऱ्या जहाजाचं, काढून टाकलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. यादी दुरुस्त झाली. तुला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला तुझाच फोन आला. कुठल्याशा पानावर पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, क्षेपणास्त्र केलं होतं. आपण दहा मिनिटं बोललो. मी ते सांगितलं नाही. मग पुढच्या भेटीत सांगू असं ठरवलं, मग त्याच्या पुढच्या. जितकी वर्षं गेली तितकं ते सांगणं मोठं होत गेलं. आधी ती एक माहिती होती. नंतर ती कबुली झाली. तू हसला असतास आणि शिवी दिली असतीस आणि चहा मागवला असतास, हे मला माहीत होतं. तरी नाही.

दवाखान्यात शेवटचा आलो तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता. मी उजव्या बाजूला बसलो, चांगल्या कानाकडे. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच होतो. मास्क बाजूला करून तू विचारलंस, "बातमी काय?"

मी म्हटलं, "काही नाही. पडून राहा."

चाळीस वर्षं तुला बातम्या देणाऱ्या माणसाने तुला शेवटचं हे सांगितलं.

सातव्या दिवशी मी प्रज्ञाला फोन केला. म्हटलं, युद्धनौका लिही. तिला चारही अटी सांगितल्या, म्हणजे कोणी काही बोललं तर तिच्याजवळ उत्तर असावं. ती लिहून घेत होती. शिक्षिका आहे, अक्षर उमटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"बाबाले माहीत होतं हे?"

"नाही."

"तुमाले कधीपासून माहीत हाये?"

मी वर्षं सांगितली.

"मंग काऊन नाई सांगतलं काका?"

ती माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलते. तेव्हा तशी बोलली नाही. मी छपाईवाल्याचं विचारलं. ती म्हणाली, "बरं, छापायला देते." पत्रिका छापून आली. शब्द बरोबर पडला आहे.

मग मी गावात गेलो. शाळेत आता नव्या मुख्याध्यापिका आहेत. समितीचे ते अध्यक्ष जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका कागदावर सविस्तर पत्र लिहून नेलं होतं : माझी बातमी, माझी चूक, कायद्यातली व्याख्या, चार अटी, खाली सही. तुझं सेवेचं पुस्तक प्रज्ञाने दिलं होतं, तेही सोबत होतं. बाईंनी पत्र हातात धरलं, पहिला परिच्छेद वाचला आणि पुस्तक उघडलं. तुझा तरुणपणीचा फोटो, शिक्का, सही.

"सर, नौदलात होते ना ते?" त्या म्हणाल्या. "मग एवढं मोठं पत्र कशाला? नाव टाकू की. इतके दिवस कोणी सांगितलंच नाही."

मी पत्र परत घेतलं.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. मांडवात माणसं मावत नव्हती. जिनिंगमधले सगळे होते. पारावरचे, टँकरची हाक मारणारे, तेही होते, आता म्हातारे, टोपी हातात घेऊन. वंदना झाली, मग बोलायला माणसं उभी राहिली. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. मला लिहिता येतं तेवढंच येतं.

आज सकाळी पेंटर आला. प्रज्ञा आणि मी शाळेत होतो. बोर्डावर आता अकरा नावं आहेत. तुझं नाव दुसऱ्या क्रमांकावर हवं, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये बोटही शिरणार नाही एवढी जागा. पेंटर म्हणाला, "खाली टाकू का? खाली मोकळी जागा हाये." मी म्हटलं, वर्षाप्रमाणे आहे ना, वर्षाप्रमाणेच राहू दे. तो कुरकुरला. मग म्हणाला, "मंग दुसऱ्यापासून सगळं खोडा लागते." म्हटलं, खोड. दहा नावं त्याने पॉलिशपेपरने घासली, वर निळा रंग मारला आणि तो वाळेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. सूर्यभान काठी टेकत आला. त्याचं नाव खोडलेलं पाहून आधी घाबरला. सांगितल्यावर शेजारी बसला. "त्याचं पह्यले लेहा," म्हणाला. "माहं मांगून लेहा, काई घाई नाई."

रंग वाळला. पेंटरने दोरीने रेघा मारल्या. बोर्डावर तीनच रकाने आहेत. नाव, भरतीचं वर्ष, दल. एवढ्या वर्षांत मी तो बोर्ड जवळून कधी पाहिला नव्हता. त्याने तुझं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं आणि ब्रश वर धरून मला विचारलं, "अन् हे कोनत्या जहाजावर होते म्हनता? युद्धनौका का काय?"

मी म्हटलं, जहाजाचा रकाना नाही. वरच्याचं भूदल लिहिलं आहे तसं याचं दल लिही.

त्याने लिहिलं. नौदल.

उत्तम, त्या दुपारी माझ्या टेबलाजवळ उभा राहून तू एवढंच मागितलं होतंस.